नळी न ठेवलेली बावडी

११ जुलै १९७२
आलो एकदाचे मरोळला! तळमजल्यावर दोन खोल्या, घरात मोरी, नळाला पाणी. झकास. शकुने दूध उतू घातलं. मीरा चार वर्षांची, पण दिवसभर घर डोक्यावर घेतलं तिने. भिंतींना ओल आहे आणि मीराला दमा. ओल तिला चालायची नाही, डॉक्टरांनी बजावलंय. पण मी साकीनाक्याच्या पंख्यांच्या कारखान्यात फिटर आहे, मी काय ओलीला भिणार! रविवारी स्वयंपाकघराच्या झरोक्यात एक्झॉस्ट पंखा बसवतो.

१६ जुलै
बसवला. मोटर तगडी आहे. खिडक्यांच्या फटी वर्तमानपत्र आणि खळ लावून बुजवल्या. बाहेरचा दमटपणा आत नको, आतली वाफ बाहेर जावी, एवढा साधा हिशोब.
शेजारच्या गावठाणातली हिल्डाबाय बघायला आली. आमची खोली तिच्या घरच्या जुन्या विहिरीवर, बावडीवर आहे म्हणे. कंत्राटदार कुंडलिकने भराव टाकून बुजवली. बावडी बुजवताना तिला श्वासाला नळी ठेवतात, ती या मेल्याने ठेवली नाही. वर मला सांगते, एक खिडकी उघडी ठेव, नाहीतर पंखा खालून ओढेल. आता ही मला पंखा शिकवणार! तोंडावर सांगितलं, बाई, आपलं काम बघा. शकु रागावली. रागावू दे.

२० जुलै
ओल दुप्पट. लाद्यांच्या सांध्यांतून पाणी, मिठाच्या बरणीत पाणी, गादीला बुरशी. कुंडलिकला गाठून नळीचं विचारलं. हसला हरामखोर. बावडीला कसला श्वास रे, म्हणाला. डोकं फिरलं, कॉलर धरली त्याची. घरमालक त्याचा मेहुणा. दोघं मिळून वीज तोडायची धमकी देतात. तोडा म्हणावं, बघतोच.

२३ जुलै
मीराची घरघर थांबली. शकुने देवापुढे साखर ठेवली.
पण पोरगी श्वास फार लांब घेते. तोंडाला शेवाळाचा वास. हात गार.

२५ जुलै
तेल घालायला पंखा बंद केला. मीराची छाती थांबली. बटण दाबलं, हलायला लागली. परत बंद करून पाहिलं — मी, तिचा बाप, परत करून पाहिलं! थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

२६ जुलै
हिल्डाबायचे पाय धरले. ती रडली. फरशी फोड, नळी उतरव, तोवर पंखा बंद करू नको, म्हणाली. मग हळूच बोलली, "बाबा, बावडीला कुठूनतरी श्वास सोडायचाच आहे." उद्या सकाळी पहार आणतो.

२७ जुलै
दोन लाद्या निघाल्या. खाली चिखल, हातभर खोल, अजून तळ नाही — बाहेर कुंडलिक. वायरमन घेऊन आलाय. शकु मीटरपुढे आडवी उभी — ढकललं तिला — मी ओरडलो, पोरगी मरेल रे —
तोडली.
लिहून ठेवतो. काही झालं तर कुंडलिकला सोडू नका. मलाही सोडू नका, फटी मीच बुजवल्या.
पाती थांबली. मीरा — श्वास चालू आहे. देवा, चालू —
नाही. आत घेत नाही. नुसता सोडते आहे. सोडतेच आहे — वहीची पानं उडतात — गार, ओला — थांबत नाही — एवढ्याशा छातीत एवढी हवा कु