गव्हर्नरच्या गुडघ्याएवढी माणसं

१४ ऑक्टोबर, मंगळवार. चँडलर, अ‍ॅरिझोना

ईराचा शाळेचा प्रोजेक्ट डायनिंग टेबलभर पसरलाय, म्हणून सोफ्यावर बसून लिहितेय. विषय आहे प्राचीन इजिप्तमधला एका प्रांताचा गव्हर्नर. साधा कारकून होता, चढत चढत गव्हर्नर झाला, आणि थडग्याच्या भिंतीवर सगळं कोरून घेतलं. दुष्काळात लोक जगवले, कालवा खणला, सगळं यानेच.

पोस्टरवर तो हा एवढा मोठा. धान्याची पोती वाहणारी माणसं त्याच्या गुडघ्याएवढी.

"इतकी छोटी का गं काढलीस?"

"इट्स हिज वॉल, आई."

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. आज डायरेक्टरसमोर मी दुसरं काय केलं? पार्ट्सचा तुटवडा असताना मी कारखान्याची लाइन बंद पडू दिली नाही, असं ऐटीत सांगितलं. नवा सप्लायर शोधला होता माझ्या टीममधल्या श्रीकांतने, वीकेंडला ऑफिसात बसून. त्याचं नाव घ्यायचं ठरवूनच गेले होते. मग का नाही घेतलं? पुढच्या महिन्यात टीममधून कुणाला कमी करायचं ते डायरेक्टरच ठरवणार, आणि त्याचा तर व्हिसाच या नोकरीवर. समोर बसून मान डोलावत होता बिचारा. गुडघ्याएवढा.

आत्ता त्याचा मेसेज आला. "ताई, मस्त प्रेझेंट केलंत."

फोन उलटा ठेवून लिहितेय.

ईरा विचारतेय, "आई, डू दे नीड फेसेस? किती छोटे आहेत ते."

आज दुसऱ्यांदा मी गप्प बसले.