मोकळा हत्ती

५ ऑक्टो. ५७, शनि.
ग्यारेजातून अर्धी रजा. आईला घेऊन इस्पितळात. मोतीबिंदू समजून गेलो, निघाला काचबिंदू. डॉ. म्हणाले, हा कापून निघत नाही. गेलेली नजर गेली. उरलीय तिच्यासाठी थेंब घालत राहा, टिकेल तेवढी टिकेल. किती टिकेल विचारलं. "वर्षभर म्हणा. कमीसुद्धा." कडेचं दिसणं गेलंच आहे, नळीतून बघावं तेवढं समोरचं उरलंय. आईला जिन्यात सांगितलं. म्हणाली, "बरं झालं कापत न्हाईत. मला सुरीचं भ्या वाटतं." आणि भिंत धरून उतरायला लागली. पायरी मलाच दिसेना.

६ ऑक्टो., रवि.
आई दर रविवारी "जरा पाय मोकळं करून येते" म्हणून दोन तास जाते. कालचं ऐकल्यावर आज गुपचूप मागोमाग गेलो. ट्रामने थेट राणीच्या बागेत. हत्तीपुढे जाऊन उभी. मी मागे. तिची दोन्ही कोपरं वर, हात जोडलेले. डोकं फिरलं. चार माणसांच्या देखत बोललो, "देव सोडले ते हत्ती धरायला काय?" आई वळली. "हात न्हाय जोडले. बघत होते." एवढंच.

धम्मदीक्षेला वर्ष झालं नाही अजून. घरातले देव मीच काढले. पश्चात्ताप तेव्हा नव्हता, आज नाही. ज्या देवळाच्या पायरीला माझ्या बापाची सावली चालली नाही, तिथला देव माझ्या खोलीत कशाला? पण आईच्या माहेरचा पितळी गणपती होता, मुठीएवढा. तो तिने स्वतः आणून दिला, पदराने पुसून. दादरच्या चौपाटीवर मी सोडला. ती एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी तिच्या हातांवर पहारा ठेवून आहे, हे आज लिहिताना कळलं.

९ ऑक्टो., बुध.
अबोल्याचा तिसरा दिवस. इंदू भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "तुम्ही इंजिनाला दहा वेळा विचारता, बाबा तुला काय झालंय. आईला एकदा विचारा की." बायको बरोबर बोलली की जास्तच राग येतो. तरी विचारलं.

आई म्हणाली, "त्याच्या पायात साखळी हाय रं. दिसभर डुलतोय. म्होरं, मागं. म्होरं, मागं. मी गिरणीच्या खात्यात तीस वर्सं तशीच उभी व्हते. डोळं जायच्या आदी एक तरी मोकळा बघायचाय. कुणाचा न्हाय असा."

कुणाचा नाही असा. दाखवतो म्हणालो. बोलून बसलो. हत्ती काय परळ नाक्यावर उभे असतात?

२१ ऑक्टो., सोम.
पेद्रूचं कार्ड आलं. आमच्याच ग्यारेजात पाच वर्षं हाताखाली होता, आता गावाकडे लोंढ्याला स्वतःची, लष्कराने मोडीत काढलेली डिस्पोजलची जीप भाड्याने हाकतो, लाकडाच्या ठेकेदारांना रानात नेतो-आणतो. त्याला विचारलं होतं. लिहितो: "मिस्त्री, ये. पहाटे निघू, दिवस बुडायला परत. दिवाळी उलटली की हल्याळच्या बाजूला कळप उतरतो. रान गेल्या साली आपल्या मुंबईतनं काढून म्हैसुरात घातलं, पाट्या बदलतायत. हत्तींना कोणी कळवलेलं नाही. ते तेच आहेत." खाली: "आईला सांग, जीपमध्ये पाठ मोडते."

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "मोडू दे. पाठीनं कुठं बघायचंय?"

१८ नोव्हें., सोम.
ग्यारेजच्या शेटने दोन दिवस दिले. कारण विचारलं, खरं सांगितलं. "साला, हाथी जोवाला एटला लांब?" म्हणून हसत बसला. मग आपणच म्हणाला, "मारी मायने हूं क्यांय लई गयो नई." म्हणजे काय ते पुरतं कळलं नाही, पण डोळे पुसत होता.

चाळीत बोभाटा. वरच्या मजल्यावरचा कदम म्हणे, मुंबई मिळवायला मोर्चे निघतायत आणि तुम्ही रानात चाललात. म्हटलं, आईला दाखवून येतो, तोवर मुंबई कुठे पळत नाही.

२२ नोव्हें., शुक्र.
रात्रीची गाडी. निघण्याआधी आई नळावर गेली तेव्हा तिचं गाठोडं उघडून पाहिलं. नारळ, हळदकुंकू, काही आहे का. भाकरी, लसणाची चटणी, थेंबांची बाटली, जुनं लुगडं. परत होतं तसं बांधलं. इंदूने पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२४ नोव्हें., रवि. लोंढा. पेद्रूच्या पडवीत बसून लिहितोय.
क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिणार नाही.

पहाटे निघालो. आई पुढे पेद्रूशेजारी, मी मागे लोखंडावर. पेद्रूच्या अटी: उठायचं नाही, बोलायचं नाही, बिडी नाही. आईला म्हणतो, "आई, भ्यालात तर माझं मनगट धरा, बोंब मारू नका." आई म्हणाली, "बाबा, मी संपात घोड्यावरचे पोलीस बघितलेत."

दुपारपर्यंत काहीच नाही. लीद दिसली, मोडलेला बांबू दिसला, पायाचा ठसा दिसला. आई उतरून त्या ठशात बसली. खरंच बसली, मांडी घालून. पेद्रू तोंडावर हात ठेवून हसत होता. मीही हसलो. आजच्या दिवसातलं तेवढंच चांगलं.

चारच्या सुमारास एका ओढ्यापाशी जीप थांबवली. मी पुढे सरकून आईला चिकटून बसलो. समोर ओढा, पलीकडे बांबू, आणि ऊन तोंडावर. बराच वेळ नुसती शांतता. मग काटकी मोडली. मग पोटात गाडी गडगडावी तसा आवाज. पेद्रूने बोट वर केलं.

आणि आईचे हात उठले. दोन्ही. कपाळाकडे.

मी हत्तींकडे पाहिलंच नाही. तिचे हात पाहिले. दोन्ही मनगटं धरली आणि खाली मांडीवर दाबून ठेवली. कानात म्हणालो, "आये, इथं नको." ती ओढाताण करीना. एकदाच हात हलवले, मग सोडून दिले. मान मात्र तिरपी करून, डोळे मिटत-उघडत समोर बघत राहिली. मी तिच्या हातांकडे. किती वेळ कोण जाणे. पेद्रू म्हणाला, "गेले." मी वर बघितलं तेव्हा बांबू हलत होता. तेवढंच.

पेद्रू खुशीत. "पाच, मिस्त्री! पिल्लू पाह्यलंस?" म्हटलं, पाह्यलं. आई म्हणाली, "बघितलं की." तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ आहेत.

२७ नोव्हें., बुध.
चाळ लोटली खोलीत. आईला विचारतात, आई म्हणते, "माझा सखाराम सांगल." सगळे माझ्याकडे. सांगितलं. पाच होते. पिल्लू मागे, आईची शेपटी सोंडेत धरून. मोठ्या हत्तीने पाणी घेऊन पाठीवर उडवलं. पोरंटोरं गार. थापा मारायला मी ग्यारेजात शिकलोच आहे. गिऱ्हाइकाला म्हणायचं, "उद्या गाडी मिळेल, शेट."

सगळे गेल्यावर आई जवळ सरकली. "पुन्यांदा सांग."

६ डिसें., शुक्र.
साहेबांना जाऊन आज वर्ष झालं. संध्याकाळी सगळे मेणबत्त्या घेऊन दादरच्या चौपाटीवर गेलो, आईला इंदूने हाताला धरून नेलं. परत आल्यावर जेवायच्या आधी आई म्हणाली, "सांग."

रोजचंच झालंय. मी सांगतो, ती डोळे मिटून ऐकते. आज मध्येच थांबवलं. "परवा पिल्लू मागं व्हतं. आज म्होरं कसं आलं?" म्हटलं, आधी मागे होतं मग पुढे आलं. "हां," म्हणाली. इंदू चुलीकडे तोंड करून बसली होती. खांदे हलत होते. हसत होती की काय.

१५ डिसें., रवि.
सकाळी खालून प्रभातफेरी गेली. डफ, घोषणा, पोरं खांद्यावर. सगळी चाळ ग्यालरीत. ऊन समोरून. आई खोलीतून आली, कठड्याशी उभी राहिली, आणि दोन्ही हात कपाळाशी नेले. दोन्ही पंजे एकमेकांना जुळवून भुवयांवर छप्पर केलं आणि त्याखालून बघायला लागली.

मी इंदूला म्हणालो, हे काय? ती म्हणाली, "ऊन तोंडावर आलं की त्यांना सगळं पांढरं दिसतं. हाताची सावली केली तरच दिसतं. वर्ष झालं अशाच बघतायत. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. गाडीचा आवाज ऐकून कुठला नट ढिला आहे ते सांगतो मी. एका खोलीत राहून हे ठाऊक नव्हतं.

बागेतही तेच होतं. ओढ्यावरही तेच. तिला हात जोडायचेच नव्हते. तिला बघायचं होतं. एवढ्या लांब नेऊन, ऐन वेळी मीच तिचे डोळे झाकले. रडलो. मोरीत पाणी सोडून रडलो.

१८ डिसें., बुध.
सांगायला हवं. जमत नाही. ती "सांग" म्हणते आणि मी पाच हत्ती सोडतो रानात. आज सहावा निघाला तोंडातून. आई म्हणाली, "वाढला जणू." 

पेद्रूला पत्र टाकलं. कळप कुठे आहे, परत कधी उतरेल.

२९ डिसें., रवि.
डॉ.नी काल सांगितलं, डावा डोळा गेलाच म्हणा. उजव्याचं काही सांगता येत नाही.

आज आईला मीच म्हणालो, चल बागेत. हत्तीपुढे उभे राहिलो. तिने हात वर केले. मी मागे उभा राहून माझे पंजे तिच्या पंजांवर धरले. सावली मोठी झाली. तेलाचा वास येतो माझ्या हातांना.

थोड्या वेळाने: "साखळी हाय का रं अजून? पाय दिसंना."

नाही म्हणावंसं वाटलं. महिनाभर पाच हत्ती सांगणाऱ्याला एक साखळी काढायला काय जड होतं? पण म्हणालो, "आहे." आणि एकदा खरं सुटलं तसं सगळंच सुटलं. आये, मी हत्ती बघितलेच नाहीत. एकपण नाही. मला वाटलं तू हात जोडतेस. मी तुझे हात बघत होतो.

तिने माझे पंजे तसेच धरून ठेवले. "ठावं हाय. हात माझेच व्हते न्हवं."

"मग रोज सांगायला का लावलंस?"

"मला काळं-काळं हललेलं दिसलं नुसतं. म्हटलं, तू तरी कायतरी बघितलं असशील. मग कळलं, तू बी न्हाय. पन तू सांगतोस झ्याक. पिल्लू मला लई आवडलं."

मग मी विचारलं. वर्षभर गिळून ठेवलेलं. त्या गणपतीचं वाईट वाटलं का? ती हत्तीकडे बघतच म्हणाली, "वाटलं. खोटं कशाला बोलू. माझ्या आयेनं दिल्याला. पन दीक्षा म्या माझ्या तोंडानं घेतली, सखा. तुझ्या भ्यानं न्हाय घेतली." घरी येईपर्यंत मला मान वर करता आली नाही.

४ जाने. ५८, शनि.
पेद्रूचं कार्ड. कळप दांडेलीकडे सरकला. बांबूला पाला फुटला की माघारी येतात, कधी माघात, कधी पाऊस उलटल्यावर. नक्की सांगता येत नाही. "हत्तींचं टाइमटेबल नाही, मिस्त्री." शेटला रजेचं विचारलं तर या खेपेला हसला नाही. डॉ.ची तारीख ११ ला.

आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. थेंब घालून घेताना ऐकत होती. मग म्हणाली, "आला कळप तर जाऊ. मला दिसलं तर दिसलं. पन या टायमाला माझे हात सोड, आणि तू हत्तीकडं बघ."

उजव्या डोळ्यात दोन थेंब, डाव्यात दोन. डाव्यातलेही बंद करायचे नाहीत म्हणते.