दुसरा की तिसरा

१९५८

१२ एप्रिल, महाड
डॉक्टर गेल्यावर दवाखाना बंद करून सखारामबरोबर सिनेमाच्या तंबूत. इथे ज्याला ‘पाणभूत’ म्हणतात त्या सिनेमाचा तिसरा भाग लागलाय. इंग्रजी, कुणाला अक्षर कळत नाही. सखाराम पूर्वी मुंबईला थेटरात डोअरकीपर होता, चारही भाग पाठ. आता पोलादपूरच्या स्टँडवर चहाचं दुकान. आजूबाजूच्यांना गोष्ट तोच सांगत होता. फिल्म मध्येच तुटली, शिट्ट्या.

बाहेर आल्यावर नेहमीचा वाद. मी : दुसराच सरस. बुडालेला नवरा घरी येतो, बायको दार उघडते, ताट वाढते. त्याच्या बाहीतून पाणी ठिबकतंय, ती चकार शब्द काढत नाही. काटा येतो अंगावर.

सखाराम : “हॅ! ताट वाढलं ना, मग भूत कसला? पाव्हणाच तो. तिसऱ्यात बायको उंबऱ्यात हुभी राहून म्हनते, मी ह्याला वळखत नाय. अख्खा गाव म्हनतो, वळखत नाय. ह्याच्यापरीस भ्या कशाचं रे?”

त्याचा धाकटा भाऊ महादू, ट्रक चालवतो, त्याला न्यायला आला होता. म्हणाला, “दोगंबी येडे. पयलाच खरा. बुडतो तो बुडतोच.”

४ मे
पोलादपूर. सखारामकडे जेवलो. चौथा टाकाऊ यावर एकमत : नट बदलला, भूत बडबडायला लागलं. दुसरा-तिसरा मात्र मिटत नाही. महादूची बायको यमुना भाकरी घेऊन उभी. “भुतं ऱ्हाऊ द्या, भाकरी थंड झाली.” महादू हसत सुटला.

१९ जुलै
कशेडी घाटात दरड. एक ट्रक खाली गेला. महादूचा म्हणतात.

२२ जुलै
अर्धी वाट चालत पोलादपूर गाठलं. महादूचाच. क्लीनर सापडला, मेलेला. महादू नाही. सखाराम माणसं घेऊन दरडीखालच्या ओढ्यात चिखल उपसतोय. मला बघून पहार पुढे केली. संध्याकाळपर्यंत उपसलं. ट्रकचं एक फाळकं निघालं, बस.

यमुना दाराला कडी लावू देत नाही. पाऊस सरळ घरात.

३ ऑगस्ट
पुन्हा पोलादपूर. यमुनाने चहा आणला, तिथेच थांबली.
“दादा, ते शिनमे तुमी बघितलेत ना? कंच्यात तो घरी येतो?”
चहा बशीत ओतत बसलो.
“सांगा की.”
सांगितली दुसऱ्याची गोष्ट. ताट वाढते तिथपर्यंतच. पुढे तो तिला हात धरून तळ्याकडे नेतो ते गाळलं. ती ऐकताना पदराचं टोक पिळत होती.

सखाराम ओटीवर होता. निघताना म्हणाला, “कशाला सांगितलंस? सांगायचाच तर तिसरा सांगायचा.”

११ ऑगस्ट
दादलीच्या बाजूला नदीत प्रेत लागलं. हवालदाराने सखारामला निरोप धाडला. मी बरोबर गेलो.

चेहरा उरलेला नाही. कपडे नाहीत. डाव्या हाताची करंगळी वाकडी. महादूची तशीच. आमच्याच दवाखान्यात मी पट्टी बांधली होती, वाकडीच बसली. पण पाण्यात इतके दिवस राहिल्यावर कुणाचीही बोटं...

सखाराम बराच वेळ बघत होता. करंगळीकडेही बघितलं, मी पाहिलं त्याला बघताना.
“नाय. ह्यो आमचा नाय.”
हवालदार माझ्याकडे वळला. मी मान खाली घातली. त्याने बेवारस लिहिलं.

एस.टी.त चढताना सखाराम म्हणाला, “तुझंच बराबर रे. दुसराच. बघू दे तिला वाट.”
वाद जिंकल्यासारखं वाटलं नाही.

१३ ऑगस्ट
बेवारस म्हणून पुरलं. मी गेलो होतो. आणखी कुणी नाही. झोप नाही.

१७ ऑगस्ट
सकाळच्या गाडीने यमुना एकटीच आली. पेशंटांच्या रांगेत बसली. नंबर आला तेव्हा माझ्या औषधाच्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, “भावजी म्हनतात, तो नव्हता. पन नजर चुकवतात. दादा, तुमी व्हतात तितं. तुमी सांगा.”

डॉ.नी आतून हाक मारली. म्हटलं, बसा, आलोच.

दुपार झाली. पेशंट गेले. ती बाकावर बसून आहे. मी आत बाटल्या धुतोय. धुतलेल्याच.