पातेली माझी, झाकणं जाऊबाईंची

मी, खाली सही करणारी, सत्तरी ओलांडलेली, गल्लीत खानावळवाली म्हणून ओळखली जाणारी बाई, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली नसून, फक्त संतापलेली असून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. वकील म्हणाले, ‘संतापलेली’ हा शब्द काढा, उद्या कोणी म्हणेल बाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मग डॉक्टरांना बोलावले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला आणि त्यांच्या गेल्या खेपेच्या गोळ्यांनी काडीचाही फरक पडला नाही, हेही सांगितले. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिला. तो सोबत जोडला आहे. शब्द राहील.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या, वरची माडी आणि मागचे पत्र्याचे स्वयंपाकघर, माझा मुलगा व माझी मुलगी यांना निम्मे निम्मे. बँकेत जे असेल तेही तसेच. याबाबत माझे काही म्हणणे नाही.

कलम दुसरे. तांब्या-पितळेची भांडी. माझे म्हणणे इथून सुरू होते. एकात एक बसणारी पितळेची सहा पातेली, तांब्याचा हंडा, तांब्याची कळशी, पितळेचे घंगाळ आणि पाणी प्यायचा तांब्या, एवढी ही मिळकत. यजमान गेले तेव्हा मुले लहान होती आणि मला स्वयंपाकाशिवाय दुसरे काही येत नव्हते. मी खानावळ काढली. छापखान्यातले, कापडदुकानातले, एकटे राहणारे मास्तर, असे सगळे मागच्या पत्र्याखाली जेवून गेले. मुलाची इंजिनिअरी आणि मुलीचे कॉलेज याच पातेल्यांत शिजले. माझी एकच इच्छा आहे: माझ्यामागेही या भांड्यांत अन्न शिजावे. ती भिंतीवर टांगली जाऊ नयेत आणि भंगारात जाऊ नयेत. कोणाच्या हाती ती द्यावी हा प्रश्न आहे, कारण माझ्या घरात एकही हात त्या लायकीचा नाही.

कलम तिसरे. यांतले काहीही, साधा तांब्यासुद्धा, माझ्या थोरल्या जाऊबाईंना मिळू नये. कारण लिहिते.

सासूबाई गेल्यावर वाटणी झाली. दोघे भाऊ, म्हणजे माझे यजमान आणि थोरले भावजी, दोघेही आयुष्यात कधी चुलीपुढे बसलेले नव्हते. त्यांनी ठरवले, भांडी वजनावर वाटायची, म्हणजे कोणाचे कोणाला बोलणे नको. आम्हां दोघींना आतल्या खोलीत बसायला सांगितले. बाहेर काटा लावला. खोलगट भांडी एका पारड्यात रचली, चपटी दुसऱ्या पारड्यात, कारण तशी ती नीट रचली जातात! काटा मधोमध उभा राहिला आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. आम्ही बाहेर आलो तेव्हा सगळी पातेली माझ्या नावावर आणि सगळी झाकणं, पराती, ताटं जाऊबाईंच्या नावावर झाली होती.

आता कोणीही शहाणी बाई काय करील? म्हणेल, “अगं, ही झाकणं तुझी, घेऊन जा.” जाऊबाई मूग गिळून बसल्या. झाकणं पोत्यात भरली आणि चालत्या झाल्या. राहायला कुठे, तर मागच्या गल्लीत. त्यांच्या खिडकीत ती ओळीने उभी केलेली मला नळावरून दिसत. मी मागायला जाणार नव्हते. मी का मागू? तेव्हापासून आजपर्यंत माझ्या पातेल्यांवर कधी विकत आणलेले स्टीलचे ताट, कधी तवा, कधी उपडी घमेली. वाफ निघून जायची, सरपण जास्त लागायचे. छापखान्यातला एक खिळे जुळवणारा जेवायला बसला की म्हणायचा, “बाई, तुमचा संसार उघड्यावरचा.” सगळे हसत. मीही हसे, आणि आत जाऊन ताट आपटे. भांड्याला भांडे लागते म्हणतात, पण इथे झाकणही लागले नाही.

कलम चौथे. माझ्या मुलाला घंगाळ. ते त्याला द्यायचे म्हणजे त्याचे त्यालाच परत करायचे, कारण त्याने ते आधीच बाद केले आहे. मागच्या वर्षी मी मुलीकडे गेले असताना त्याने त्याच्या बुडाला ड्रिलने भोक पाडले आणि त्यात रबराचे झाड लावले. मी परत आले तर घंगाळ दारात, त्यात माती. मी म्हटले, “हे काय केलंस?” म्हणाला, “आई, पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून भोक.” मुळांची केवढी ती काळजी! ज्या घंगाळातल्या पाण्याने याला मी न्हाऊ घातले, त्याचेच बूड याने गळके केले. हेच चिरंजीव मला म्हणाले होते, “पितळेला भाव चांगला आलाय, वजनावर घालूया का?” वजनावर घालणे त्याच्या रक्तातच आहे.

कलम पाचवे. माझ्या मुलीला तांब्याचा तांब्या. बाकी तिला काही देता येत नाही, कारण तिच्या घरी विजेची ती काचेची शेगडी आहे, जी लोखंड-स्टील सोडून कोणाला ओळखतच नाही. पितळेचे पातेले तिच्यावर दिवसभर ठेवले तरी पाणी कोमट होणार नाही. मी ठेवून पाहिले आहे. मुलीला सूचना: तांब्यात फक्त पाणी ठेवायचे. लिंबूपाणी नाही, ताक नाही, तुझ्या नवऱ्याचे ते व्यायामाचे आंबट पेय तर मुळीच नाही. घासायला लिंबाची फोड आणि मीठ. लगेच धुवायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे, ओला ठेवायचा नाही. तारेची घासणी लावलीस तर मी जिथे असेन तिथून उठून येईन.

कलम सहावे. सूनबाईंना मी काय द्यावे? त्यांनी जे घेतले आहे तेच आधी लिहिते. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई असते, म्हणजे कथलाचा पांढरा हात. ती आहे म्हणून पितळेत अन्न शिजवता येते. सूनबाईंना आतला तो करडा रंग कळकट वाटला. पाहुणे येणार म्हणून त्यांनी माझे क्रमांक दोनचे पातेले पॉलिशवाल्याकडे नेले आणि आतून-बाहेरून मशीन मारून आणले. आतून असे पिवळेजर्द की तोंड पाहावे! मी तेव्हा तापाने अंथरुणावर होते. मला आणून दाखवले, “आई, बघा, नवं झालं की नाही?” मी बघितले आणि माझा ताप चढला. म्हटले, “त्यात काही शिजवू नकोस.” त्यांनी मान हलवली. मान हलवणे आणि ऐकणे यांत फरक असतो, हे मी या घरात शिकले.

कलम सातवे. कल्हईवाल्याला काहीही नाही. तो नवसागराचा धूर भरपूर करतो आणि कथील मात्र जपून लावतो. आणि जाताना वरून चहाही मागतो.

कलम आठवे. पातेली, हंडा आणि कळशी यांचे काय, ते अजून ठरलेले नाही. एका हॉटेलवाल्याला ती दारावर दिवे घालून टांगायला हवी आहेत. त्याला मी दारातूनच वाटेला लावले. जागा कोरी सोडते.

इथवर काल लिहिले. पुढचे आज लिहीत आहे. वकील म्हणतात, मागचे फाडा आणि नवे लिहा. मी फाडणार नाही. दोन कलमे एकमेकांवर उठली तर शेवटचे खरे, हे त्यांनीच मला सांगितले आहे.

घडले ते असे. साक्षीला दोन माणसे हवीत, आणि ज्यांना मृत्युपत्रात काही मिळते ते चालत नाहीत. एक डॉक्टर झाले. दुसरा कोण? तर माझ्या हुशार मुलाने डोके चालवले, की या घरातून जिला काहीही मिळणार नाही याची शंभर टक्के खात्री आहे अशी बाई म्हणजे मोठी काकू. गेला आणि घेऊन आला.

जाऊबाई मागच्या दाराने आल्या, त्यामुळे स्वयंपाकघरातूनच आल्या. मी आतल्या खोलीत पडून. मला आधी त्यांचा आवाज ऐकू आला.

“अगं ए, या पातेल्यातली कल्हई कुठं गेली?”

सूनबाई म्हणाल्या, “पॉलिश केलंय, काकू.”

“आणि हे आत काय ठेवलंयस? चिंचेचा रस्सा? कधीपासून?”

“सकाळपासून. दुपारी जेवणार होतो.”

“दुपारी जेवला असता आणि संध्याकाळी ओकत बसला असता सगळे! कळकलाय तो. ही कडेची हिरवी रेघ दिसत नाही तुला? ओत. मोरीत ओत आधी. अजून कुणाला वाढलं नाहीस ना?”

“नाही हो.”

“नशीब.”

रस्सा मोरीत गेल्याचा आवाज मी ऐकला. मग सूनबाईंचे रडणे ऐकले. आणि मग सूनबाई, ज्या माझ्यापुढे कधी आवाज चढवत नाहीत, त्या म्हणाल्या, “मला कोणी सांगितलं का आत काय लावलेलं असतं ते? इतक्या वर्षांत आईंनी या पातेल्यांना हात लावू दिला नाही. नुसतं ‘ठेव ते खाली’ म्हणायच्या.”

हे उत्तर मला आवडले नाही. म्हणूनच ते इथे लिहून ठेवते.

जाऊबाई खोलीत आल्या. केस पार पांढरे झाले आहेत, पण चाल तीच, घर स्वतःच्या नावावर असल्यासारखी. माझी विचारपूस नाही, काही नाही. कागद कुठे आहे विचारले, आणि मी सही करायच्या आधी, काही न वाचता, खाली साक्षीदार क्रमांक दोनवर सही करून मोकळ्या झाल्या. मग खुर्ची ओढली आणि सुरू झाल्या.

“धाकटे, त्या पातेल्यावर ताट काय ठेवतेस? वाफ राहते का त्याने?”

“झाकण कुठून आणू?” मी म्हटले. “झाकणं तुमच्याकडे आहेत.”

“मागितलीस कधी?”

“तुम्ही दिलीत कधी?”

“मी का देऊ? मला वाटलं, पातेली तू मुद्दाम मागून घेतलीस. तुझ्या नवऱ्याचा काटा होता तो.”

“काटा भावजींनी आणला होता!”

त्यावर त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाल्या, “दोघेही गाढव होते.” हे मात्र मला मान्य करावे लागले. मी विचारले, झाकणं कशी आहेत. म्हणाल्या, “दरवर्षी कल्हई करून घेते. पातेलं नाही, नुसती झाकणं. तो कल्हईवाला हसतो मला.” पातेल्याविना झाकणांना कल्हई!

तासाभरात त्यांनी कल्हईवाल्याला बोलावून मागच्या अंगणात भट्टी पेटवायला लावली. सूनबाईंना पदर खोचून शेजारी उभे केले. “बघ, आता कथील फिरवतोय. इथं सुटलं. ए, इथं परत मार, चहा नंतर.” मी खिडकीतून पाहत होते. माझ्याच पातेल्यावर त्यांनी ओरडावे, याचा मला भयंकर राग आला. त्या अगदी बरोबर ओरडत होत्या, याचा त्याहून जास्त आला.

कलम नववे. म्हणून, कलम तिसरे रद्द. सहाही पातेली, हंडा आणि कळशी माझ्या थोरल्या जाऊबाईंना. हे मी प्रेमाने देत नाही, कोणी तसा गैरसमज करून घेऊ नये. साऱ्या घरादारात कळकलेला रस्सा लांबून ओळखणारी तेवढी एकच बाई उरली आहे, आणि ती नेमकी तीच असावी, याचा निषेध म्हणून देते.

हे ऐकून वकिलांनी कपाळाला हात लावला. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीला सही केली, तर मिळकत हातची जाते. जाऊबाईंची सही खोडावी लागली. त्या चिडल्या. “एवढी वळणदार केली होती,” म्हणाल्या. त्यांच्या जागी कल्हईवाल्याची सही घेतली. त्याला कलम सातव्याप्रमाणे काहीही मिळत नसल्याने तो चालतो. त्याने ते कलम वाचले. आणि चहा अर्धा टाकून गेला.

मग डॉक्टर म्हणाले, “बाई, पण त्या तुमच्याहून वयाने मोठ्या आहेत. त्याच आधी गेल्या तर?”

जाऊबाईच म्हणाल्या, “मग मी मरणाची वाट कशाला बघू? तिच्या नाही आणि माझ्याही नाही. उद्या झाकणं इकडेच आणते.”

कलम दहावे व शेवटचे. सबब, उद्यापासून झाकणं माझ्या स्वयंपाकघरात राहतील आणि त्यांच्या मागोमाग जाऊबाईही येऊन बसतील, हे दिसतेच आहे. आम्हां दोघींपैकी जी मागे राहील, तिची सगळी भांडी, झाकणांसकट. तिच्यानंतर सूनबाईंची, पण कल्हई गेलेली त्यांना कोणी न सांगता ओळखता आली तरच. पातेले आणि झाकण पुन्हा वेगळे करणाऱ्याला या घरातले काहीही मिळू नये, भोक पाडलेले घंगाळसुद्धा नाही.

आणि जी मागे राहील तिला एक सूचना. माणसे भेटायला येतील, त्यांचा स्वयंपाक करावा लागेल. रडत बसू नये. आधी पातेली आतून बघून घ्यावीत.

लिहून देणार: खानावळवाली (सही)

साक्षीदार १: डॉक्टर (सही)

साक्षीदार २: थोरल्या जाऊबाई (सही खोडली, कारण कलम नववे)

साक्षीदार २, दुसऱ्यांदा: कल्हईवाला (सही, नाराजीने)

स्थळ: स्वयंपाकघराला लागून असलेली खोली, जिथून पत्र्याखालचे सगळे ऐकू येते.

दिनांक: वकिलांनी शिक्क्यावर घातला आहे तो. झाकणं दुसऱ्या दिवशी सकाळी आली. क्रमांक चारचे बसेना. जाऊबाईंनी वरून एक ठोसा दिला, तेव्हा बसले.