सहा वर्षं राखलेलं रान

प्रिय बुआवानताई,

थंडीत मोजणीच्या पथकाबरोबर गावी आलो, तेव्हा तू माझ्या मनगटाला स्वागताचा, आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधलास, भाताच्या दारूचा रांजण उघडलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "आमचा खामला साहेब झालाय. चिकट भात हाताने खातोस अजून, की विसरलास?" सगळे हसले, मीही हसलो. पण मनातून मला तुझ्या अंगाच्या धुराच्या वासाची लाज वाटत होती.

इथे तालुक्याला आपल्या लोकांना 'रानजाळे' म्हणतात, रान जाळून पेरणारे म्हणून. आपल्या लाओसात सपाट जमीन तळहाताएवढी, बाकी सगळा चढ. तरी चढावर पेरणारा तो अडाणी. सात वर्षं मी ते टोमणे ऐकले, आणि आपण डोंगरातले नाहीच असा आव आणला.

दुसऱ्या दिवशी आम्ही झऱ्यामागच्या उतारावर चढलो. तुझं शेत सहा वर्षं विसावलेलं, बांबू डोक्यावर गेलेला. परक्याला ते जंगलच वाटणार. पण वाटेच्या तोंडाशी तू विणून लावलेली बांबूची चांदणी होती: राखलेलं आहे, शिरू नका. तुझी वीण मी ओळखली. पथकाच्या प्रमुखाने विचारलं, "हे कुणाचं रे?" माझ्या बहिणीचं, जाळून पेरते ती, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "कुणाचंच नाही साहेब, जंगल आहे." आणि चांदणी ओलांडून पुढे गेलो. नकाशात तो उतार मी माझ्याच हाताने हिरवा रंगवला.

हिरवं म्हणजे सरकारचं. उतार आता रबराच्या लागवडीला दिलाय. एप्रिलात नववर्षाचं पाणी उडवून झालं की रान तोडायला माणसं येतील. पुढच्या वर्षी तू तिथे भात पेरणार होतीस, ते मला ठाऊक होतं गं.

हरकतींची बैठक येत्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आपल्याच गावात आहे. ज्याने नकाशा काढला त्यानेच चूक कबूल केली, तर तो बदलतात. मी उठून सगळं सांगणार आहे. नोकरी गेली तर जाईल. पण चारचौघांत अचानक ते ऐकून तुझी मान खाली जाऊ नये, म्हणून आधी तुला लिहितोय. मी आलो की दारात दोरा घेऊन उभी राहू नकोस. बैठकीनंतर, वाटलं तर बांध.

तुझाच धाकटा,
खामला