मराठीत आजारी पडताना

१३ जानेवारी १९५७, रविवार
सकाळी ट्रामने परळ. बापूचा दवाखाना. शाळेपासूनचा मित्र, पण डॉक्टर झाल्यापासून 'ये' म्हणायच्या आधी माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघतो. गिरणीतल्या लोकांसाठी छोटी पुस्तिका काढतोय. विषबाधा आणि मज्जातंतूंचे विकार. काय व्हायला लागलं की धावत दवाखान्यात यायचं, ते सोप्या भाषेत. शब्द मी पुरवायचे. म्हणाला, "मराठीचं राज्य हवंय ना तुम्हाला? मग मराठीत आजारी पडता आलं पाहिजे."
कुणा प्राध्यापकांनी त्याला मनगट लुळं पडण्यासाठी 'मणिबंधपात' दिलाय. डॉक्टरच्या तोंडून हे ऐकलं तर लालबागचा माणूस आधी गावाला तार करील.

१५ जाने., मंगळ.
वर्तमानपत्रातलं सदर पूर्ण. निवडणुकीच्या उमेदवारांवर. संपादक खूश, म्हणजे कुणीतरी नाराज होणार.
शब्द जमवतोय. कळ, चमक, ठणका, उसण, पेटका, मुरडा, भोवळ, कापरं. दुखण्याच्या बाबतीत आपण गडगंज. सौ.ला विचारलं, मुंग्या आणि झिणझिण्या यांत फरक काय? लाटणं न थांबवता म्हणाली, "मुंग्या चालतात. झिणझिण्या उडतात."
प्राध्यापकांना सात जन्मांत सुचायचं नाही. पोळ्या मात्र हल्ली वेड्यावाकड्या.

१८ जाने., शुक्र.
घरी हळदीकुंकू. मी गॅलरीत हद्दपार. दारातून दिसत होतं. कुंकू लावताना सौ. उजव्या मनगटाला डाव्या हाताचा आधार देत होती. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "केवढी अदब गं तुझी." सौ. नुसती हसली. मग गुलाबदाणी हातातून सुटली.
बायका गेल्यावर विचारलं. "हात माझं ऐकत नाही हल्ली."
"माझी संगत लागली असेल."
हसली नाही. वाक्य मात्र फर्मास. बापूला सांगायचं.

२२ जाने., मंगळ.
ऑफिसातून लवकर आलो तर सौ. आडवी. दिवसाउजेडी आडवं होणाऱ्यांतली ती नव्हे. "पोटात कुणीतरी ओलं लुगडं पिळतंय." कोठाही साफ नाही म्हणे. आणि तोंड कळकलंय.
"भांड्याची कल्हई गेली असेल, बघ."
"दिवाळीलाच केलीय. तोंड बघावं अशी आहे. सार नाही हो कळकलेलं, माझं तोंडच कळकलंय. उलट सार गोडूस लागतं. चिंच घालून घालून दमले."
ओवा आणि गरम पाणी. मला आंबट सोसत नाही, पित्त. तिला आंबटाशिवाय घास उतरत नाही. कोकणातली.

२७ जाने., रवि.
परळ. बापूला सगळा माल ऐकवला. ओलं लुगडं, न ऐकणारा हात, कळकलेलं तोंड. आवाज काढून, हात लटकवून. बापू लिहून घेत होता तो थांबला.
"हे कुठं ऐकलंस?"
"आमच्याकडे. चाळीत."
"एकाच माणसाचं आहे का सगळं?"
माझा हात अजून लटकवलेलाच होता. तो खाली घेतला.
"वहिनी?"
"हं."
"उद्या घेऊन ये त्यांना."
पुस्तिकेचं काय म्हणून विचारलं. "गाढवा," म्हणाला. शाळेनंतर पहिल्यांदाच.

२८ जाने., सोम.
रजा टाकली. सौ.ला घेऊन गेलो. बापूने विचारलं, "काय काय होतं, वहिनी?"
"काही नाही, भावजी. चालायचंच."
घरात एवढी शब्दसंपत्ती, आणि इथे हे. बापूने मला बाहेर बसवलं. बाकावर गिरणीतले दोघे जॉबर, एक खोकणारी म्हातारी. पडद्यामागून सौ.चा आवाज येत होता. पुष्कळ वेळ, सलग. शब्द लागत नव्हते. एवढं सलग माझ्याशी कधी बोलली, ते आठवेना.
आत बोलावलं. तिचा ओठ वर करून दाखवला. हिरडीच्या कडेला निळसर रेघ, टाकाने ओढल्यासारखी. हात पुढे धरायला सांगितले. डावा राहिला. उजवा मनगटातून खाली आला, मधली दोन बोटं सगळ्यांत खाली.
शिसं.
कल्हईच्या कथलात मिसळतात म्हणे, कथील महाग म्हणून. चिंच-आमसूल त्यात पडून राहिलं की शिसं सुटतं, अन्नात उतरतं.
"मग मला कसं नाही?"
बापूने तिला विचारलं, "तुम्ही जेवता कधी?"
"सगळं आवरल्यावर."
"काय जेवता?"
"उरलेलं. रात्रीचं सकाळी, सकाळचं रात्री. चांगलं सार टाकून द्यायचं का?"
मी ताजं जेवून ऑफिसात. ते तिच्यासाठी भांड्यात राहणार. आमच्याकडे असंच. सगळ्यांकडे असंच. बापूने माझ्याकडे पाहिलं नाही. उपकार त्याचे.
सुया देणार आहे. पोट आठवड्याभरात सुधारेल. हाताचं आत्ता सांगत नाही म्हणाला.
परत येताना सौ. ट्राममध्ये एवढंच म्हणाली, "अंबाडा कोण घालणार माझा?"

३१ जाने., गुरु.
कल्हईवाल्याला शोधत भायखळा, भाजीबाजाराच्या मागे. वाटेत वाक्यं तयार केली होती. चांगली होती, रक्त काढणारी.
म्हातारा भट्टीपाशी. उजवं मनगट भात्याच्या दांड्याला फडक्याने बांधलेलं. बोटं सुटलेली.
एकही वाक्य वापरलं नाही. कथील कुठून आणता, एवढं विचारलं.
"दुकानवाला देतो ते लावतो, साहेब. चकाकतं ना?"
"हाताला काय झालं?"
"ताकद गेली. उमर झाली."
"पोटात दुखतं?"
"ते तर रोजचंच."
बापूचा पत्ता सांगितला. म्हणाला, "तिथं जाऊन बोलायचं काय?"
माझ्या बायकोला जे होतं ते सांगितलं. ओल्या लुगड्याचं, कळकलेल्या तोंडाचं. मान हलवत राहिला. जाईलसं वाटत नाही. शिशाचंही सांगितलं. म्हणाला, "दुकान बदलून बघतो."
सौ.ला घरी सांगितलं. दोन वर्षं तोच दारात येऊन कल्हई करतोय, तरी तिचा त्याच्यावर राग नाहीच. "त्यांच्या घरी चूल कोण करतं, विचारलंत का?" नव्हतं विचारलं.

३ फेब्रु., रवि.
पितळी भांडी माळ्यावर. मातीची हंडी, चिनी मातीची बरणी आली. बापूचा हुकूम, वहिनींनी ताजं खायचं, तुझ्याबरोबर बसून.
पहिल्या दिवशी भांडण. "तुमच्या समोर बसून मला घास जात नाही."
"मी भिंतीकडे तोंड करतो."
"मग वाढणार कोण?"
मी वाढलं. आमटी सांडली. मावशी गॅलरीतून बघून गेल्या. उद्या चाळभर होईल.

१० फेब्रु., रवि.
पोटातला पीळ गेला. तोंडाची चव परतते आहे. हात तसाच. अंबाडा मावशी घालून देतात. मी एकदा घातला, तर म्हणाली, "तुम्ही सदरच लिहा."
बापूची पुस्तिका छापायला चालली. प्राध्यापकांचा शब्द गळला. सौ.चं वाक्य आहे त्या जागी. 'हात माझं ऐकत नाही असं वाटलं तर लगेच या.' तिला वाचून दाखवलं. "माझं नाव नका घालू," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "'माझं' कशाला? 'आपलं' करा. बाप्यांनाही होतं."
केलं.
संपादकांना 'मणिबंधपात' या विषयावर सदर देणार होतो. अर्ध्यात सोडलं. कोपऱ्यावरून सभेचा कर्णा ओरडतोय, मुंबई आमचीच. आहेच. लेख उमेदवारांवरच जाईल.

१७ फेब्रु., रवि.
बापू म्हणतो, आता वाट बघायची. महिने लागतील, किंवा येणारही नाही. ती दोन बोटं कधी उचलतात, ते बघत राहा. म्हणून रोज जेवताना ती उजवा हात पाटाच्या कडेवर पालथा ठेवते आणि मी बघतो.
आज ठेवला. मी बघत बसलो. सार गार होत होतं.
"असं टक लावून बसू नका. बोटं लाजतात."
मी पानात पाहिलं. हंडीतलं सार, चांगलंच आंबट. पित्त होणार. प्यायलो.
शेजारी पाटावर काहीतरी हललं. हात होता की पदर, कळलं नाही. मान वर केली नाही.
"अजून वाढू?" तिने विचारलं.
"वाढ," म्हटलं.