ती आता कुठे असेल, पप्पा?

पप्पा, आपल्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची ती माझी मैत्रीण तुम्हाला आठवत असेलच. यवतमाळची. हिंजवडीत तेव्हा कंपन्या नुकत्याच येत होत्या, आणि आम्ही दोघी एकाच ठिकाणी कामाला होतो. रविवारी ती आपल्या स्वयंपाकघरात पिठलं करायची. इतकं तिखट, की तुमच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, आणि तरी तुम्ही भाकरी मोडत म्हणायचात, अजून वाढ. जेवणाआधी तुम्ही प्रार्थना करायचात तेव्हा तीही डोळे मिटायची, गळ्यातलं गणपतीचं लॉकेट मुठीत धरून. तुम्ही तिला लेक म्हणायचात.

डेंगीने ती आठ दिवसांत गेली. तिचे वडील तिला गावी घेऊन गेले. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही चर्चमधल्या उपासनेला निघालेले आहात, मी चहा देते आणि विचारते, "पप्पा, ती आता कुठे असेल?" तीस वर्षं संडे स्कूलमध्ये मुलांना तारणाचा मार्ग, म्हणजे येशूवर विश्वास ठेवणाऱ्यालाच स्वर्ग, असं शिकवलेले तुम्ही कप खाली ठेवता.

"शास्त्रात काय लिहिलंय ते तुला पाठ आहे."

"तुम्हाला काय वाटतं ते विचारतेय."

"मला काय वाटतं, याला किंमत नाही."

त्या दिवसापासून मी चर्चला यायचं सोडलं. तुम्ही रागावला नाहीत, कधी विषयही काढला नाहीत. आपण पाणी, वीज, आईची औषधं, एवढ्यावरच बोलत राहिलो. लेक म्हटलेल्या मुलीला तुम्ही एका वाक्यात नरकात पाठवलंत, असंच मी धरून बसले होते.

तुमच्या अंत्यविधीनंतर चर्चचे पाळकसाहेब माझ्याजवळ आले. म्हणाले, "तुमचे वडील दर रविवारी उपासना संपल्यावर मागे थांबायचे आणि एका मुलीचं नाव घेऊन प्रार्थना करायचे." ती मुलगी वारल्याचं कळल्यावर पाळकसाहेबांनी तुम्हाला, पप्पा, समजावलं होतं, की मृतांसाठी आपल्यात प्रार्थना करत नाहीत. तुम्ही म्हणालात, "मला ठाऊक आहे. तरी करतो."

हे मला का नाही सांगितलंत? आपण दोघं एकाच बाजूला उभे होतो, आणि मधे इतकी वर्षं गेली.

गेल्या महिन्यात माझ्या सासूबाई वारल्या. माझी नऊ वर्षांची मुलगी विचारत होती, आजी कुठे गेली. मी खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. तिचा चेहरा इतका उतरला, की मी तिला जवळ घेऊन हात जोडले. "हे प्रभू," एवढं म्हटलं आणि थांबले.

"पुढे?" तिने विचारलं.

मला पुढचं येत नव्हतं, पप्पा. तिच्यासाठी तुम्ही काय म्हणायचात, ते अंत्यविधीच्या दिवशी पाळकसाहेबांना विचारायचं माझं धाडस झालं नाही.